फिबोनाची ९३ व्या पदाला मायनसमध्ये जातेय, १००० अंकी पद कसं काढू?

निशाचर:
सी प्लस प्लसमध्ये करतोय. १, १, २, ३, ५ या मालिकेतलं पहिलं १००० अंकी पद कितवं ते काढायचंय. लूप साधाच आहे, मागच्या दोन पदांची बेरीज. ९२ पर्यंत सगळं नीट येतं आणि ९३ ला -६२४६५८३६५८५८७६७४८७८ छापतंय, दोन धन संख्यांची बेरीज ऋण कशी काय? लाँग लाँगच घेतलाय (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार), छोटा इंट नाही. डबल (दशांश संख्यांचा प्रकार) करून बघितलं तर मायनस गेलं पण शेवटचे आकडे जुळेनात. रात्री दोनपर्यंत बसलो होतो, सांगा ना कुणीतरी.

सेमीकोलन:
लूप बरोबर आहे रे, ओव्हरफ्लो होतोय, म्हणजे संख्या प्रकारात मावत नाहीये. लाँग लाँगमध्ये जास्तीत जास्त ९२२३३७२०३६८५४७७५८०७ मावतं आणि ९३ वं पद आहे १२२००१६०४१५१२१८७६७३८. अनसाइन्ड (फक्त शून्य आणि धन संख्या) केलंस तर हे एक पद मिळेल, ९४ ला परत रडगाणं. डबल इथे नकोच, २ च्या ५३ व्या घाताच्या पुढे त्यात सगळे पूर्णांक नेमके बसत नाहीत, म्हणजे ७८ व्या पदानंतर भरवसा संपला.
शाळेत हातचा घेऊन बेरीज करायचो ना, तेच कर. उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे तुकडे पाडून व्हेक्टरमध्ये (हवी तेवढी वाढणारी यादी) ठेव, तुकड्यात तुकडा मिळव, बेरीज १ अब्ज किंवा जास्त झाली की १ अब्ज वजा करून हातचा १ पुढच्या तुकड्यात. १००० अंकांना ११२ तुकडे पुरतात.

निशाचर:
केलं. मायनस गेलं, पण ६० वं पद १५४८८७५५९२० येतंय आणि खरं १५४८००८७५५९२० आहे. हातचा दहादा तपासला.

सेमीकोलन:
हातचा ठीक आहे, छापताना चुकतंय. तुझा खालचा तुकडा ००८७५५९२०, तो नुसता छापलास की पुढची दोन शून्यं उडाली. सगळ्यात वरचा सोडून बाकीचे तुकडे सेटडब्ल्यू ९ (रुंदी नऊ अंक) आणि सेटफिल शून्य (रिकाम्या जागी शून्य) लावून छाप. अंक मोजतानाही तसंच, वरच्या तुकड्याचे अंक मोज आणि बाकीच्यांचे सरळ नऊ-नऊ धर.

पाटीपेन्सिल:
उत्तर ताडून बघायला पायथन घे, तिथे इंट हवा तेवढा वाढतो. किंवा कागदावरच कर, न वं पद म्हणजे जवळपास गोल्डन रेशोचा (साधारण १.६१८) न वा घात भागिले वर्गमूळ ५. सगळ्यात लहान १००० अंकी संख्या म्हणजे १० चा ९९९ वा घात, तर दहाच्या पायाचा लॉग घेतलास की (९९९ + ०.३४९५) ÷ ०.२०८९९, साधारण ४७८१.८, म्हणजे त्याच्या पुढचा पूर्णांक.

निशाचर:
४७८२ आलं!! पायथनमध्येही तेच. व्हेक्टरमध्ये बरोबर ११२ तुकडे भरलेत आणि सगळ्यात वरच्यात नुसता १ आहे. खूप खूप आभार दोघांचे.