कोकम सरबताची जाहिरात कधी सुरू करावी?
कोकम सरबताची जाहिरात एप्रिलमध्ये सुरू करावी, असे सुचवले जाते. त्यात एक भर घालावीशी वाटते. सरबताची मागणी मार्चपासूनच वाढते, पण कोकणात कोकमाची फळे साधारणपणे एप्रिल-मेमध्ये पिकतात, म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपण विकतो तो मागच्या हंगामाचा माल असतो. त्यामुळे छोट्या उद्योगाने आधी शिल्लक बाटल्या मोजाव्यात आणि मगच जाहिरातीचा खर्च ठरवावा. आमच्याकडे एका वर्षी हे उलटे झाले आणि ऐन उन्हाळ्यात पुण्याच्या जुन्या ग्राहकांना नकार कळवावा लागला, याची रुखरुख आजही आहे.

छायाचित्रे आणि चित्रफिती मात्र मे महिन्यातच काढून ठेवाव्यात. आमसुलासाठी कोकमाच्या सालींना पुन्हापुन्हा रसाचे पूट देऊन, म्हणजे रसात बुडवून, त्या उन्हात वाळवतात, तेव्हा त्यांचा लाल रंग हळूहळू काळपट जांभळा होत जातो. एकदा पाऊस लागला की हे दृश्य पुढच्या वर्षापर्यंत मिळत नाही. आमसूल बाराही महिने लागत असल्याने पावसाळ्यात सोलकढी आणि सार यांच्या पाककृतींवर भर देता येतो.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या खास उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख) आहे. त्याचा उल्लेख लेबलावर करायचा असेल, तर आधी त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि तोवर लेबलांची छपाई थांबवावी.