फॉरवर्डचा तोटा रिझर्व्हमध्ये आणि टॅक्सची डिमांड नुसती नोटमध्ये, हे चालतं कसं?

पगारातून_शेअर
ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवलेत, नाव नको. यंदा पहिल्यांदाच ॲन्युअल रिपोर्ट नीट वाचायला घेतला आणि दोन ठिकाणी अडकलो. डॉलरच्या फॉरवर्डवर (पुढच्या तारखेला ठरलेल्या दराने डॉलर विकायचा करार) तोटा झालाय पण तो नफ्यातून वजाच केला नाहीये, खाली ते ओसीआय (नफ्यात न धरलेले फायदे-तोटे) असतं तिथून परस्पर 'कॅश फ्लो हेज रिझर्व्ह'मध्ये गेलाय. दुसरं म्हणजे इन्कम टॅक्सची भली मोठी डिमांड आलीय, अपील चालू आहे, पण प्रोव्हिजन (खर्चाची तरतूद) एक रुपयाची नाही, कंटिन्जंट लायबिलिटीच्या (द्यावं लागेलच असं नक्की नसलेलं देणं) नोटमध्ये एक ओळ टाकून मोकळे झालेत. मी कॉमर्सचा नाही म्हणून विचारतो, हा नफा फुगवायचा प्रकार आहे का?

चाकणचा_कॉस्टिंगवाला
पहिल्याचं सांगतो, तिथे काही काळंबेरं नाही. समज कंपनी सहा महिन्यांनी १० लाख डॉलरचा माल पाठवणार आहे आणि आजच ८४ ने फॉरवर्ड विकून ठेवला. ३१ मार्चला त्याच तारखेचा फॉरवर्ड ८६ ला मिळतोय, म्हणजे कागदावर २० लाख तोटा. पण माल अजून गेलेलाच नाही, विक्री पुढच्या वर्षात बसणार, मग तोटा यंदा आणि त्याला भरून काढणारी जास्त दराची विक्री पुढच्या वर्षी असं दाखवलं तर दोन्ही वर्षांचे आकडे उगाच वरखाली होतील. म्हणून इंड एएस १०९ हे हिशेबाचं मानक म्हणतं की हेज (दराची जोखीम झाकणारा व्यवहार) नीट कागदोपत्री केलेला असेल आणि ती निर्यात होणार हे जवळजवळ नक्की असेल तर तोटा ओसीआयमध्ये ठेवा. २५.१७ टक्के दराने ५.०३ लाखाचा डिफर्ड टॅक्स (या तोट्यामुळे पुढे वाचणारा टॅक्स) काढून रिझर्व्हमध्ये उणे १४.९७ लाख दिसतील. माल गेला, समज त्या दिवशी दर ८६ च आहे, तर विक्री ८.६० कोटी, त्यातून हे २० लाख वजा, राहिले ८.४० कोटी, बरोब्बर ८४ चा भाव. ताळेबंदावर मात्र ते डेरिव्हेटिव्ह, म्हणजे हा फॉरवर्ड, पहिल्या दिवसापासून बाजारभावानेच असतं, लपवायला जागाच नाही.

लपवालपवी व्हायची ती आधी. २००७-०८ ला बऱ्याच निर्यातदारांनी बँकांकडून चित्रविचित्र ऑप्शन घेतले होते, रुपया ३९-४० च्या आसपास होता आणि सगळे म्हणत होते अजून मजबूत होणार, झालं उलटंच. तेव्हा ते तोटे पुस्तकात आणायची धड सक्तीच नव्हती, मार्च २००८ मध्ये आयसीएआयला (सीएंची संस्था) अनाउन्समेंट काढून सांगावं लागलं की बाबांनो मार्क टू मार्केट (बाजारभावाने मोजलेल्या) तोट्याची प्रोव्हिजन करा.

निवृत्त_ऑडिटर
टॅक्सचं इतकं सरळ नाही. फॉरवर्डचा भाव बँक सांगते, डिमांडचा भाव कोणीच सांगत नाही, तिथे मॅनेजमेंटचं मतच चालतं. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस १२ ला (इन्कम टॅक्सचं मानक) अपेंडिक्स सी लागलंय, त्यानुसार विचारायचं की आपली भूमिका टॅक्स खातं मान्य करील अशी शक्यता आहे का. करील वाटलं तर प्रोव्हिजन नाही. नाही वाटलं तर सर्वात संभाव्य रक्कम किंवा वेगवेगळ्या निकालांची शक्यतेनुसार भारित सरासरी, यातलं जे परिस्थितीला जास्त लागू पडेल ते धरायचं. आणि एक अट फार चांगली घातलीय, अधिकाऱ्याला सगळी माहिती आहे असंच धरायचं, 'कोण बघतंय' हा विचार चालत नाही.

तू काय बघ, नॉन-करंट ॲसेटमध्ये 'इन्कम टॅक्स ॲसेट' किती आहे. पहिलं अपील पेंडिंग असताना वसुलीला स्टे हवा तर साधारण २० टक्के भरावे लागतात, सीबीडीटीचं (प्रत्यक्ष कर मंडळ) २०१७ चं मेमो आहे. ते भरलेले पैसे कंपनी येणं म्हणून दाखवते. हरली तर हे ॲसेट जाईलच आणि उरलेली डिमांडही भरावी लागेल. ऑडिट रिपोर्टमध्ये 'की ऑडिट मॅटर' (ऑडिटरने खास लक्ष घातलेले मुद्दे) खाली टॅक्स लिटिगेशन आलंय का तेही वाच. एक्साइज, जीएसटीचे वाद मात्र या अपेंडिक्समध्ये नसतात, ते इंड एएस ३७ (तरतुदींचं मानक) खाली, एकाच नोटमध्ये असले तरी मिसळू नकोस.

इलिनॉयकर
इकडे अमेरिकेत वाचणाऱ्याची जरा सोय आहे. अनिश्चित टॅक्सच्या हिशेबाचा नियम आहे, फिन ४८, २००६ चं. आधी ५० टक्क्यांहून जास्त शक्यता आहे का बघायचं, मग जी सगळ्यात मोठी रक्कम टिकण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते तेवढीच फायद्यात धरायची, उरलेलं 'अनरेकग्नाइज्ड टॅक्स बेनिफिट'. लिस्टेड कंपनीला त्याचा वर्षाचा तक्ता द्यावाच लागतो, सुरुवातीला किती, वाढले किती, सेटल किती, मुदत संपून सुटले किती. कॅटरपिलरचंच घ्या, स्विस कंपनीतून पार्ट विकून झालेल्या नफ्यावरून आयआरएसशी (तिथलं टॅक्स खातं) वर्षानुवर्षं भांडण. २००७ ते २०१२ साठी टॅक्स आणि पेनल्टी मिळून सुमारे २३० कोटी डॉलर मागितले होते. २०२२ मध्ये २००७ ते २०१६ या दहाही वर्षांचं मिटवलं ते ४९ कोटी टॅक्स आणि अंदाजे २५ कोटी व्याजावर, पेनल्टी शून्य. आधीच धरून ठेवलेल्या रकमेत ते बसलं, उलट त्या तिमाहीत ४.१ कोटींचा फायदाच दिसला. आता याला सावधगिरी म्हणा नाहीतर गाठीला ठेवलेला नफा म्हणा, मला दोन्ही पटतं.

ट्रेझरीतली
आणि हे दोन्ही विषय एकमेकांत अडकतात ते कोणी बोललंच नाही. मार्क टू मार्केट तोटा टॅक्समध्ये वजा मिळतो का हाच कित्येक वर्षं वाद होता. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये वुडवर्ड गव्हर्नरच्या केसमध्ये वर्षअखेरच्या दराने झालेला फॉरेक्स तोटा मान्य केला, लगेच मार्च २०१० मध्ये सीबीडीटीची इन्स्ट्रक्शन की डेरिव्हेटिव्हचा तोटा नोशनल (नुसता कागदावरचा) आहे, देऊ नका. मग आयसीडीएस (टॅक्ससाठी उत्पन्न मोजायची सरकारी मानकं) आलं, दिल्ली हायकोर्टाने २०१७ मध्ये त्यातला बराच भाग उडवला, २०१८ च्या फायनान्स ॲक्टने मागच्या तारखेपासून परत बसवला. आता होऊ घातलेल्या निर्यातीचा हेज असेल तर तोटा सेटलमेंटच्या वेळीच मिळतो, चाकणवाल्या दादांनी तो डिफर्ड टॅक्स काढला ना, तो यामुळेच.

पगारातून_शेअर
बापरे, पण कळलं बऱ्यापैकी. नोट उघडून बघितली, टॅक्स ॲसेट डिमांडच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. की ऑडिट मॅटरमध्येही आलंय. पण तुम्ही सांगताय तसा तक्ता कुठेच नाही.

निवृत्त_ऑडिटर
नसणारच, आपल्याकडे सक्ती नाही. मागच्या चार-पाच वर्षांचे रिपोर्ट काढून ती एक ओळ शेजारी शेजारी मांड, आकडा का हलला ते एजीएमला विचार, शेअरहोल्डर आहेस. आणि नोटच्या तळाला बारीक अक्षरात बघ, व्याज त्या रकमेत धरलंय की वगळून लिहिलंय.