अभ्यासाचे तास मोजून सरकारी पोस्ट निघते का?

आडवाट

पुण्यात शास्त्री रोडवर स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेखाली चहाला उभं राहिलं की ‘काल किती झाले?’ हे कानावर पडतंच. किती म्हणजे तास. कुणी अकरा सांगतं, कुणी तेरा. पंधरावाला आला की बाकीचे मुकाट कप संपवतात. टायमरचा स्क्रीनशॉट रोज रात्री स्टेटसला टाकणारी मंडळी आहेत. ज्याचे तास सर्वांत कमी त्याने चहाचे पैसे द्यायचे, असा नियम असलेले ग्रुपही आहेत.

मी टेस्ट सिरीजच्या उत्तरपत्रिका तपासतो. तिथे जे दिसतं त्यावरून माझं मत असं झालंय की तासांची नोंद हा अभ्यासातला सर्वांत निरुपयोगी आकडा आहे. मोजायला सोपा, म्हणून मोजतो एवढंच. लोकसेवा आयोग तुम्हाला दोन गोष्टी विचारतो: पुस्तक मिटल्यावर काय आठवतं, आणि घड्याळ चालू असताना त्याचं काय करता येतं. खुर्चीत बसून पिवळ्या हायलायटरने ओळी रंगवताना या दोन्हींचा सराव होत नाही.

रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पेठेतल्या अभ्यासिकांमधला बहुतेक अभ्यास पहिल्या प्रकारचा आहे. राज्यघटना चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे येतं असा समज होतो. आणीबाणीची कलमं घ्या. कलम ३५२ च्या घोषणेला संसदेची मंजुरी एका महिन्यात लागते, ३५६ आणि ३६० ला दोन महिन्यांत. कितीतरी वेळा वाचलेली मुलं हे टेस्टमध्ये उलटं लिहून येतात. त्याच मुलांचे तास बघा, डोळे दिपतील.

मोजायचंच असेल तर चुका मोजा. वेगळी वही करा. चुकलेला प्रत्येक प्रश्न कशामुळे चुकला ते लिहा: माहीत नव्हतं, माहीत असून प्रश्न नीट वाचला नाही (‘अयोग्य विधान ओळखा’मधला ‘अ’ दरवर्षी किती जणांना खातो!), की दोन पर्यायांत अडकून चुकीचा मारला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी वाचन लागतं. उरलेल्या दोन्हींना कितीही वाचलं तरी फरक पडत नाही, आणि नेमकं तिथेच लोक ‘अजून दोन तास वाढवतो’ म्हणतात.

सोलापुरी_कडक

दादा, लिहिलंय छान, पण हे ज्याला बसायची सवय आधीच लागली आहे त्याच्यासाठी आहे. आमच्यासारखा गावात कधी सलग तासभर पुस्तक धरून न बसलेला पोरगा इथे येतो तेव्हा पहिली लढाई बूड टेकवायची असते. टायमर त्यासाठी आहे. कटऑफ (पास व्हायला लागणारे किमान गुण) माझ्या हातात नाही, पेपर कसा निघेल ते नाही, पदांची जाहिरात कधी येईल तेही नाही. सकाळी सातला खुर्चीत बसणं हातात आहे.

आणि घरचे फोनवर विचारतात, अभ्यास किती चाललाय? बापाने पैसे पाठवलेले असतात. त्याला चुकांची वही वाचून दाखवू का?

तुम्ही संशोधन काढलंय तर मीही काढतो. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर एरिक्सन यांचा १९९३ चा अभ्यास आहे. सर्वोत्तम गटाचा अठराव्या वर्षापर्यंत साधारण ७,४०० तास सराव झालेला, त्याखालच्या गटाचा ५,३००, आणि जे पुढे संगीतशिक्षक होणार होते त्यांचा ३,४००. म्हणजे तासांनीच गट वेगळे पडले की नाही?

आडवाट

मुद्दा जोरदार आहे, मानतो. पण ते तास कसले होते ते बघा. व्हायोलिन हातात असलेला सगळा वेळ त्यांनी त्यात धरलेला नाही. एकट्याने, ठरवून, जमत नाही तो भाग घासण्याचा वेळ तेवढा धरला. वर्गात वाजवणं, मित्रांबरोबर वाजवणं वेगळं. तसा सराव दिवसाला चारेक तासांच्या पुढे फारसा कुणी रेटत नव्हतं, तोही तुकड्यातुकड्यांत, आणि चांगले वादक इतरांपेक्षा जास्त झोपत होते, दुपारीसुद्धा. अभ्यासिकेत दुपारी डोकं टेकवलेल्या मुलाकडे आपण कसं बघतो?

तुझ्या तेरा तासांतला ‘घासण्याचा’ वेळ काढ. मग तो आकडा आपण दोघेही मोजू.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा! व्हायोलिनवाल्याला कटऑफ नसते ना भाऊ, अन् त्याची जाहिरात कोर्टात अडकत नाही.

बाकी एकवीस दिवस बसलं की सवय लागते, मग टायमर लागतच नाही, असं आमच्या क्लासचे सर सांगत.

दुपारपाळी

एकवीस दिवसांचं खरं मानू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे मोजून पाहिलं होतं. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून सोडणाऱ्यांसाठी लिहितेय.

मुख्य विषयावर. मी सरकारी रुग्णालयात नोकरी करते, पाळ्या फिरत्या, घरी लहान मुलगी. इथले ‘बारा की तेरा’ वाचून हसावं की रडावं कळत नाही. मला मिळतात अडीच-तीन तास, ते पण सलग नाहीत. त्यामुळे आडवाट यांचं पटायला हवं, आणि अर्धं पटतंही. पण चुकांची वही, टेस्ट, पुन्हा टेस्ट हे ज्यांना दिवस मोकळा आहे त्यांचं वेळापत्रक वाटतं. माझी अडचण काय वाचू ही नसते. पाळी संपवून आल्यावर सुरुवातच होत नाही, ही असते.

मला उपयोग झाला तो ‘अमुक झालं की तमुक’ या पद्धतीचा. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. ‘रोज चालू घडामोडी करीन’ असा संकल्प मी करत नाही. ‘मुलगी झोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कालचे दहा प्रश्न’ असं लिहून ठेवते. वेळ कुठली, जागा कुठली, पहिली कृती कुठली, सगळं आधी ठरलेलं. दमलेल्या डोक्याला निर्णय घ्यावा लागत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यासाठी वेगळा कागद आहे, कारण तेव्हा मुलगी झोपते आणि मी निघते.

सोलापुरी_कडक

ताई, तुमच्यापुढे हात जोडले. पण बघा, तुम्हीसुद्धा शेवटी बसण्याचाच बंदोबस्त करताय. माझं काय वेगळं आहे?

दुपारपाळी

बसल्यावर मी दहा प्रश्न सोडवते आणि उठते. टायमर वाजेपर्यंत बसत नाही. वेगळं एवढंच आहे, पण तेवढं आहे.

निळी_शाई

तासांच्या बाजूने एक मुद्दा कुणीच मांडला नाही म्हणून लिहिते. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची; केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेच्या (यूपीएससी) धर्तीवर नऊ पेपर, १,७५० गुण. २०२३ च्या सुरुवातीला याच पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती की बदल लगेच नको, आणि आयोगाने तो २०२५ पर्यंत पुढे ढकलला. मिळालेल्या त्या वाढीव मुदतीत किती जणांनी पेन हातात धरलं हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

केंद्राच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात वीस प्रश्न असतात, दहा १५० शब्दांचे, दहा २५० शब्दांचे. बेरीज करा: चार हजार शब्द, तीन तासांत, हाताने. आणि एकाच दिवशी दुसरा पेपर. ही अंगमेहनत आहे. मनगट दुखतं, अक्षर बिघडतं, सतराव्या प्रश्नाला मेंदू नकार देतो. इथे बसण्याचे तास कामाला येतातच. पाऊण तासाचे तुकडे करून अभ्यास करणारी हुशार मुलं दुसऱ्या पेपरला कोसळलेली मी पाहिली आहेत.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. पर्याय निवडायच्या पूर्व परीक्षेसाठी आडवाट बरोबर, मुख्यसाठी सोलापुरी. मात्र ते तास लिहिण्याचे हवेत. तीन तास कोरा कागद, फोन बंद, मध्ये चहा नाही.

आडवाट

निळी शाई, सही. वर्णनात्मकचा विचार मी पुरेसा मांडला नाही, तो मुद्दा तुमचा.

वऱ्हाडी_ठेचा

ते दोन पर्यायांत अडकून चुकीचा मारायचं काय करायचं? आमच्या सरांचं एकच, ‘येत नसेल तर सोडा’. मी सोडत गेलो अन् कटऑफच्या खाली राहिलो.

निळी_शाई

साधं गणित आहे. केंद्राच्या पूर्वपरीक्षेत प्रश्न २ गुणांचा, चुकला की एक तृतीयांश जातो, म्हणजे ०.६६. काहीच माहीत नसताना चारातून एक मारला तर सरासरीने लाभ-हानी जवळपास शून्य. दोन पर्याय खात्रीने कापता आले तर मात्र सरासरी दोन तृतीयांश गुणाचा फायदा. राज्यसेवेत एक चतुर्थांश कापतात, म्हणजे तिथे आणखी सैल. ‘येत नसेल तर सोडा’ हा सल्ला गणिताला धरून नाही. पण ‘खात्रीने कापला’ असं वाटणं आणि तो पर्याय खरंच चूक असणं यातलं अंतर तुमचं तुम्हाला माहीत हवं. ते जुने पेपर सोडवून, कापलेल्या पर्यायांवर खूण करून, नंतर पडताळूनच कळतं.

माजी_पेठकर

तुम्ही सगळे खोलीतलं फर्निचर हलवताय, घर कुठे बांधलंय ते बघत नाही. २०२४ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले. प्रत्यक्ष परीक्षेला ५,८३,२१३ बसले. अंतिम शिफारस १,००९ जणांची. चुकांची वही ठेवा नाहीतर तास मोजा, जागा तेवढ्याच. ‘कामगिरी सुधारा, ध्येय गाठा’ हे सूत्र जिथे तुमची कामगिरी दुसऱ्याच्या कामगिरीशी तोलली जाते तिथे अर्धंच खरं आहे.

केंद्राकडे निदान खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा संधी अशी भिंत आहे. राज्याकडे वयोमर्यादा खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे ‘आता थांब’ असं तुम्हाला कुणी सांगणार नाही. ते स्वतःच, सुरुवातीलाच, कागदावर लिहावं लागतं: या तारखेनंतर नाही. आणि त्या तारखेला हातात दुसरं काय असेल तेही. मी बाहेर पडून बँकेत लागलो. आकडेमोड आणि इंग्रजी पेठेतच पक्कं झालं होतं.

सोलापुरी_कडक

साहेब, हे प्लॅन बी वालं आम्हाला सुरुवातीलाच नका शिकवू. परतीची तारीख खिशात ठेवून आलेला माणूस पहिल्या पडण्यालाच बॅग भरतो. आमच्या मजल्यावर दोघं तसे गेले. पोस्ट निघालेला माझा रूममेट म्हणायचा, दुसरा रस्ता डोक्यातच आणला नाही म्हणून टिकलो.

माजी_पेठकर

जो टिकून निवडला गेला तो मुलाखत देतो. तितकाच टिकून जो राहून गेला त्याची मुलाखत कोण घेतं? त्याचाही दुसरा रस्ता डोक्यात नव्हता. तारीख असलेला माणूस हातचं राखून अभ्यास करतो असं मला दिसलं नाही. उलट या वर्षाचं या वर्षी करतो, ‘पुढच्या वेळेला बघू’ हे वाक्य त्याच्याकडे नसतं.

दुपारपाळी

पेठकर, नोकरी असलेल्यांना तुमचा मुद्दा लगेच कळतो, नसलेल्यांना तो अपशकुन वाटतो. यावर एकमत होणार नाही असं दिसतंय.

मला एक विचारायचंय. मराठी माध्यमातून लिहिलेली उत्तरं तपासून कुठे घ्यायची? क्लासची फी परवडत नाही आणि स्वतःचं लिहिलेलं स्वतःला नेहमी बरंच वाटतं.

आडवाट

तिघं-चौघं जमवा, एकाच विषयाची तयारी करणारे. एकच प्रश्न सगळ्यांनी घड्याळ लावून लिहायचा, फोटो अदलाबदल करायचे. तपासताना ‘छान’ लिहायला बंदी. तीनच गोष्टी बघायच्या: प्रश्नात ‘चिकित्सा करा’ म्हटलंय तर दोन्ही बाजू आल्या का, महाराष्ट्रातलं एक तरी ठोस उदाहरण किंवा आकडा आहे का, आणि पहिल्या दोन ओळींत उत्तर सुरू झालं की नुसती प्रस्तावना. मराठी माध्यमात तिसरी चूक सर्वांत जास्त. ‘आजच्या गतिमान युगात’ने सुरू झालेली उत्तरं मी गठ्ठ्याने वाचतो.

सोलापुरी_कडक

मी येतो या गटात. ताई, तुमची पाळी सांगा, प्रश्न त्या हिशोबाने टाकू. टायमर माझा चालूच राहणार, ते दादांना आवडो न आवडो.