तातडीने मदत हवी: ज्येष्ठमधाचा अर्क देऊनही अल्सर कमी होत नाही

थिसिसग्रस्त: प्लीज लवकर सांगा, १५ दिवसांत सबमिशन आहे आणि गाईड रोज फोन करतायत. ज्येष्ठमधाचा अर्क २०० आणि ४०० दोन्ही डोसमध्ये दिला, तुलनेला स्टँडर्ड औषध ओमेप्राझोल. तरी पोटात लाल पट्टे तसेच, ४०० वाल्यांत तर जास्तच. ओमेप्राझोलही ढिम्म. काय चुकतंय?

सुलभाकाकू: बाळा, आधी ते ४०० थांबव. ज्येष्ठमध अति झालं की बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. त्यापेक्षा सकाळी मोरावळा द्या. आणि शौचाला काळं होत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

थिसिसग्रस्त: काकू, उंदीर आहेत हो. विस्टार रॅट.

सॉक्सलेट_सम्राट: मॉडेल कुठलं, म्हणजे अल्सर कशाने केलेत? इंडोमेथॅसिन (पेनकिलर), पायलोरस (पोटाचं खालचं तोंड) बांधून, की इथेनॉल (अल्कोहोल)? अर्क कशात काढला? वाळवला कसा? हे न सांगता 'काय चुकतंय' म्हणजे आम्ही काय पोपट घेऊन बसलोय का

थिसिसग्रस्त: इथेनॉल, सगळे तेच करतात ना. अर्क पण ७० टक्के इथेनॉलमध्ये, वॉटर बाथवर आटवला, काळपट चिकट झाला तसाच सीएमसीत (औषध घोटायचं घट्टसर माध्यम) घोटून दिला. २४ तास उपाशी.

सॉक्सलेट_सम्राट: मग ओमेप्राझोल बिचारं काय करणार! ते ॲसिड बंद करतं, आणि ॲबसोल्यूट अल्कोहोल आतलं अस्तर थेट जाळतं, ॲसिड असो नसो. अस्तरावर थर धरणारं सुक्राल्फेट घ्यायचं होतं. शिवाय चिकट म्हणजे अल्कोहोल राहिलंय, तेच पोट सोलतंय.

पेप्टिक_पाटील: असं सरसकट नाही. सौम्य अल्कोहोल उलट वाचवतं. रॉबर्ट आणि मंडळींनी १९८३ मध्येच दाखवलंय, आधी २० टक्के इथेनॉल दिलं की पोट स्वतःच अस्तर जपणारं प्रोस्टाग्लँडिन बनवतं आणि नंतरच्या कडक डोसने होणाऱ्या जखमा कमी होतात. व्हेइकल कंट्रोल, म्हणजे अर्काशिवाय नुसतं माध्यम दिलेला ग्रुप, ठेवलाय का?

सॉक्सलेट_सम्राट: त्या चिकट अर्काच्या गोळ्यात २० टक्के आहे का ६० हे तुम्ही घरबसल्या सांगणार? वजन स्थिर होईपर्यंत वाळवायला हवा होता. ओलं वजन धरलं तर ४०० हे ४०० नसतंच.

जंतूमित्र: अहो वॉरन-मार्शलना अल्सर करणाऱ्या पायलोरी जंतूसाठी २००५ ला नोबेल मिळालं, मार्शलनी तर स्वतः जंतू पिऊन बघितले, आणि तुम्ही अजून उंदरांना दारू पाजताय?

पेप्टिक_पाटील: पेनकिलरचे अल्सर जंतूशिवायही होतात. वेगळा धागा काढा.

सुलभाकाकू: २४ तास उपाशी म्हणता, पण उंदीर मेले उपाशी राहतात होय? आमच्या माळ्यावर पुठ्ठा खायचे. आणि स्वतःच्या लेंड्यासुद्धा खातात म्हणे.

थिसिसग्रस्त: …पिंजऱ्यात भुसा होता.

पेप्टिक_पाटील: घ्या! खाली जाळी लागते रे, लेंड्या खाली पडायला. कुणाचं पोट भरलेलं, कुणाचं रिकामं, तुझे आकडे कसे जुळणार. जिंकल्या काकू.

थिसिसग्रस्त: व्हेइकल कंट्रोल पण नाहीये. एथिक्स कमिटीच्या मंजुरीतले ६ च उंदीर उरलेत. एकच ग्रुप होईल. कुठला करू?

सॉक्सलेट_सम्राट: सुक्राल्फेट.

पेप्टिक_पाटील: व्हेइकल. आणि जुन्या ग्रुपशी तुलना करू नकोस, ते भुसावाले आहेत. आधी गाईडला खरं सांग, कमिटीकडे जास्तीचे मागावे लागतील.

थिसिसग्रस्त: भुसा गाईडनीच घालायला सांगितला होता.