पॅरिसचं पँथिऑन : बुजवलेल्या खिडक्या उघडाव्यात का?

झरोका
परवाच पँथिऑन पाहून आलो. समोरून रोमन देवळासारखे भव्य खांब, पण बाजूच्या गल्लीत वळलात की नुसती बोडकी भिंत. जरा निरखून पाहिलं तर त्या भिंतीत खिडक्यांच्या कडा दिसतात, आतल्या दगडांची जुळणी वेगळी. अशा चाळीसेक खिडक्या होत्या.

मुळात हे चर्च. १७४४ साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई मरणाच्या दारातून परतला, तेव्हा बोललेला नवस म्हणून पॅरिसच्या रक्षणकर्त्या सँत जनविएवसाठी बांधायला घेतलेलं. वास्तुकार सूफ्लोला ग्रीक खांबांचा डौल हवा होता आणि गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन उंच कमानींच्या, चर्चचा हलकेपणा, उजेडही. १७९० मध्ये काम संपलं आणि पुढच्याच वर्षी क्रांतिकारकांनी त्याचं थोरांचं समाधिस्थळ केलं. या बदलाचं काम पाहणाऱ्या कात्रमेर द कँसीने खिडक्या बुजवल्या. माझ्या मते इमारतीचा जीव तिथेच गेला. थोड्या तरी उघडा.

शंकेखोर
सपशेल असहमत. आत काळोख आहे असं कोण म्हणतं? वरच्या कठड्यामागे अर्धगोल खिडक्या लपवल्यात, उजेड तिथून खाली उतरतो. आणि चित्रकार प्युवी द शावानने १८७०च्या दशकात रंगवलेली जनविएवची चित्रं? ती त्याच भिंतींवर आहेत. ती काय गुंडाळून माळ्यावर टाकायची?

झरोका
चित्रं नंतरची हो. आमच्या वाड्यात काकांनी खिडकी बुजवून कपाट केलं, म्हणून ते कपाट मूळचं होत नाही.

ओळंबा
'मूळचं' म्हणजे नक्की कुठलं? काम चालू असतानाच खांबांना तडे गेले. खांब फार बारीक आहेत, हे पियेर पात या वास्तुकाराने १७७० मध्येच जाहीर सांगितलं होतं. सूफ्लो १७८० ला गेला, पुढे त्याचा सहकारी रोंदलेने घुमटाखालचे खांब जाड केले. गॉथिक पद्धतीच्या टेकू-कमानीसुद्धा आहेत, पण भिंतीआड दडवलेल्या. आमच्या धंद्यात याला चोरटं बांधकाम म्हणतात. सूफ्लोचं चित्रातलं चर्च खऱ्या जमिनीवर कधी उभंच नव्हतं.

पायवाट
खिडक्या राहू द्या, आधी ही इमारत कुणाची ते ठरवा. १८०६ ला परत चर्च, १८३० ला स्मारक, १८५१ ला पुन्हा चर्च. त्याच वर्षी, चर्च व्हायच्या आधी, फुको या भौतिकशास्त्रज्ञाने घुमटाखाली ६७ मीटर तारेचा लंबक टांगून पृथ्वी फिरते ते लोकांना दाखवलं. १८८५ मध्ये व्हिक्टर ह्यूगो वारला तेव्हा कायमचं स्मारक झालं. आज तळघरात व्हॉल्टेअर, रूसो, मेरी क्युरी, आणि घुमटावर अजून क्रॉस!

झरोका
तेच म्हणतोय. क्रॉस चालतो, मग दोन खिडक्याच का खुपतात?

शंकेखोर
बरं, तुमच्या वाड्यातली ती खिडकी उघडलीत का?

झरोका
नाही. काकूंची भांडी आहेत त्यात.