अनुभव धागा : अभ्यासक्रम आणि गुण ठरवताना तुम्हाला कुणी विचारलं का?

अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवतं, गुण निकालात कळतात. मधे शिकणाऱ्याचं मत कुठं विचारात घेतलं गेलं असेल, तर कोल्हापूर परिसरात शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा. कॉलेजचं नाव नको, प्रसंग सांगा.

सुरुवात मी करते. बी.एस्सी.ला पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा. मागच्या बॅचची फाईल आणायची आणि उतरवून काढायची, ही रीतच. 2019 च्या महापुरानंतर मॅडम म्हणाल्या, "विषय तुम्हीच सांगा." आम्ही चौघी शिरोळ तालुक्यातल्या. घरोघरी जाऊन भिंतीवरची पाण्याची रेघ टेपनं मोजली. आमच्या देवघरात ती माझ्या खांद्याच्या वर होती. गुण कशाला किती, हेही मॅडमनी वर्गाला विचारून फळ्यावर लिहिलं. मोजमापाला सगळ्यात जास्त, बायंडिंगला शून्य. ती फाईल मी अजून जपून ठेवलीय.

इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष
मला अंतर्गत गुण 20 पैकी 9. का, ते कुणी सांगेना. दोन महिने हेलपाटे घातले. लेखी पेपरची फोटोकॉपी तरी मागवता येते. अंतर्गतचं काय बघायचं? गुण कमी द्या, पण कशाचे कापले ते सांगा.

वरच्यांना
लेखी पेपरबद्दल एक लक्षात ठेवा. तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहितीच्या अधिकारात विद्यार्थ्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये दिलाय. अंतर्गतलाही तेवढाच उघडेपणा हवा.

प्राध्यापक, समाजशास्त्र
गटप्रकल्पाचे 10 गुण मी मुलांच्या हातात दिले. पहिल्या वर्षी सगळ्यांना पैकीच्या पैकी! पुढच्या वर्षी अट घातली : गुणाशेजारी दोन ओळी कारण लिहायचं. एकानं स्वतःला 6 दिले. मी 8 दिले असते. बोलावलं तर म्हणाला, "सर, गल्लीत फिरला मित्र. मी नुसतं टाईप केलं." हे मला कुठल्या पेपरात दिसलं असतं? तेव्हापासून ही पद्धत मी सोडलेली नाही.

बी.ए.
फीडबॅक फॉर्म दर सेमिस्टरला भरतो. त्याचं पुढं काय झालं, ते एकदा वर्गात येऊन सांगा, एवढीच मागणी आहे.

मेकॅनिकल, डिप्लोमा
वडील शिरोलीत फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला आहेत. आमच्या पुस्तकात कास्टिंगच्या आकृत्या होत्या, वाळूला हात कुणी लावला नव्हता. आम्ही सातजणांनी सरांना अर्ज दिला. अभ्यासक्रम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, पण दोन शनिवार त्यांनी मोकळे करून दिले. पहिल्या शनिवारी वडिलांनी वाळू मुठीत दाबली, गोळा मोडून दाखवला, ओलावा कसा ओळखायचा ते सांगितलं. सर शेजारी उभे राहून वहीत लिहून घेत होते.