आईला खोकताना लघवी होते, टेपचं ऑपरेशन करावं का?

सोलापूरची_लेक: आई ६८ ची, शुगर आहे, तीन बाळंतपणं नॉर्मल. खोकली, शिंकली, बादली उचलली की लघवी होते. दोन वर्षं कुणाला बोलली नाही ओ, जुन्या साडीच्या घड्या लावायची, ते मला परवा धुणं वाळत घालताना कळलं. यंदा गड्ड्याच्या जत्रेला पण आली नाही, म्हणे गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले टेप टाकू, म्हणजे मूत्रनळीखाली आधाराला जाळीची बारीक पट्टी, अर्ध्या तासाचं काम. पण परदेशात जाळी बंद केली असं वाचलं. भाऊ म्हणतो या वयात कशाला, डायपर लाव (त्यालाच लावावा वाटलं). कुणी केलंय का?

कडक_भाकरी: सासूबाईंचं झालंय, ७१ व्या वर्षी. खोकला आला तरी आता कोरडं असतं. पण नळी काढल्यावर लघवी उतरेचना, परत नळी घालून चार दिवस घरी पाठवलं, तेव्हा लय घाबरलो. दीड महिना कळशी उचलू दिली नाही.

फिजिओताई: आधी व्यायाम केलाय का? लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळायचे, एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, तीन महिने, आणि नीट शिकून, कारण बऱ्याच बायका पोटच आवळतात. शुगर आणि लघवीतलं इन्फेक्शन पण बघा. आणि हे आईला नक्की विचारा, खोकतानाच होते की जोरात लागून बाथरूमपर्यंत पोचत नाही? दुसऱ्या त्रासाला टेप नसते, उलट वाढू शकतो.

बगा_की: जाळीचा घोळ असाय की अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येतं त्यासाठी योनीतून बसवायच्या जाळीची, ही टेप तिथं चालू आहे. ब्रिटनने मात्र जुलै २०१८ ला टेपपण थांबवली, बायकांना दुखणं, टेप आत घासून बाहेर येणं असले त्रास झाले म्हणून. आणि एकदा बसली की पूर्ण काढणं अवघड, हे आधीच विचारून घ्या. जाळी नको असेल तर पोटाच्या स्नायूवरचं स्वतःचंच आवरण काढून पट्टी करतात, चिरा मोठा, बरं व्हायला वेळ जास्त. इंजेक्शन पण असतं, पण परत परत घ्यावं लागू शकतं.

सोलापूरची_लेक: विचारलं आत्ता. म्हणते खोकताना पण होते, आणि बाजारातून आल्यावर कुलूप उघडता उघडता पण. हे डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं.

फिजिओताई: मग दोन्ही आहे. ऑपरेशनची तारीख घेऊ नका अजून, मूत्राशयाची प्रेशरची टेस्ट, युरोडायनॅमिक म्हणतात ती, करायची का ते आधी विचारा.